ओगरला काय हवे आहे?

वाचकाचे पत्र, थोडक्यात

वर्धा जिल्ह्यातील एका गावातून एका तरुण वाचकाने लिहिले आहे. ते ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहेत. गेल्या दीड वर्षापासून दर शनिवारी रात्री, घरामागच्या कापूस साठवण्याच्या खोलीत, ते पाच जणांसाठी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ चालवतात. या खेळात प्रत्येक जण एक कल्पित पात्र खेळवतो, चालवणारा गोष्ट आणि शत्रू मांडतो, आणि वार लागला की नाही ते फासे ठरवतात. खेळणाऱ्यांत त्यांचा मोठा चुलतभाऊ, धाकटी बहीण आणि तीन मित्र आहेत. सर्वांची पात्रे तिसऱ्या पातळीवर पोचली आहेत. गावकऱ्यांशी बोलणी, जंगलातला प्रवास, पडक्या किल्ल्यातली शोधाशोध यांत रात्रीचे बारा कधी वाजतात ते कळत नाही. लढाई सुरू झाली की मात्र खोली थंड पडते. ‘मारतो, लागले, आठ’ एवढे बोलून प्रत्येक जण मोबाइलकडे वळतो, आणि एका टर्नला, म्हणजे एकाच्या पाळीला, चारेक मिनिटे जातात. मागच्या महिन्यात ओगर, म्हणजे एक धिप्पाड राक्षस, सोपा जाईल असे वाटून वाचकाने त्याचे हिट पॉइंट, म्हणजे तो किती मार सोसेल तो आकडा, दुप्पट केले. ती लढाई दोन तास चालली आणि उपचार करणारे पात्र खेळवणारी बहीण मध्येच उठून झोपायला गेली. जाताना ती म्हणाली, “माह्या टर्नले मले काही कराचंच नसते.” चुलतभाऊ प्रत्येकाच्या टर्नला काय करायचे ते सांगत असतो. कोणाचे पात्र मरू नये म्हणून वाचक पुठ्ठ्याआड फाशांचे आकडे बदलून सांगतात आणि त्याची त्यांना खंत वाटते. मॉन्स्टर आणखी कठीण करावेत, हलक्या नियमांचा दुसरा खेळ घ्यावा, की लढायाच काढून टाकाव्यात, असे ते विचारतात. शेवटी त्यांनी लिहिले आहे, ‘पुण्या-मुंबईच्या लोकांकडे मिनिएचर (पात्रांच्या छोट्या मूर्ती) आहेत, छापील नकाशे आहेत. आमच्याकडे यातले काहीच नाही, म्हणूनच असे होत असेल.’

उत्तर

प्रिय मित्र,

तुमच्या पत्रात ओगर, नियम, मिनिएचर असे बरेच काही आहे, पण मी थांबले ती तुमच्या बहिणीच्या वाक्यापाशी. तुम्ही ते तक्रार म्हणून ओझरते लिहिले आहे. माझ्या मते संपूर्ण पत्रात नेमके निदान कोणी केले असेल तर ते तिने केले आहे. म्हणून या उत्तरात मी तिच्या टर्नकडे पुन्हा पुन्हा येणार आहे.

आधी तो दुप्पट केलेला ओगर कागदावर मांडून पाहू. पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांत ओगरचा आर्मर क्लास, म्हणजे वार लागण्यासाठी गाठायचा आकडा, ११ आहे, हिट पॉइंट ५९ आहेत आणि त्याच्या सोट्याचा एक फटका सरासरी १३ चा आहे. तिसऱ्या पातळीच्या पात्राला हल्ल्याच्या फाशात साधारण ५ मिळवता येतात, म्हणजे २० बाजूंच्या फाशावर ६ किंवा अधिक पडले की वार लागतो. २० पैकी १५ वेळा. लागलेला वार सरासरी साडेसातचा धरला आणि पाचही जणांनी वार केले असे मानले, तर एका राउंडमध्ये, म्हणजे सर्वांचा एकेक टर्न होईपर्यंत, २८ च्या आसपास हिट पॉइंट जातात आणि ५९ चा ओगर तिसऱ्या राउंडच्या सुरुवातीला आडवा होतो. तुम्ही त्याला ११८ दिलेत, तेव्हा तो पाचव्या राउंडपर्यंत टिकला असणार. पाच खेळाडू आणि ओगर मिळून सहा टर्न, प्रत्येकी चार मिनिटे, म्हणजे राउंडला २४ मिनिटे आणि पाच राउंडला दोन तास. तुमचे घड्याळ आणि माझा हिशेब जुळतो.

आता मला सांगा, चौथ्या राउंडमध्ये तुमच्या खेळाडूंपुढे असा कोणता पर्याय होता जो दुसऱ्या राउंडमध्ये नव्हता? ओगर तिथेच उभा, माणसे तिथेच उभी, फक्त तुमच्या वहीतला एक आकडा कमी झालेला, आणि तो आकडाही खेळाडूंना दिसत नाही. दुप्पट हिट पॉइंटांनी तुम्ही लढाई कठीण केली असे तुम्हाला वाटले. प्रत्यक्षात तीच लढाई तुम्ही दोनदा खेळलात. आर्मर क्लास वाढवून पाहिला असतात तर आणखी बिघडले असते. ११ चा १८ केला की वार लागायला १३ किंवा अधिक लागतात, म्हणजे दहातल्या सहा टर्नांमध्ये ‘नाही लागले’ एवढेच होते. चार मिनिटे वाट पाहून हाती हे येत असेल, तर मोबाइल काढणाऱ्या मित्राला मी दोष देणार नाही.

या खेळाच्या नियमात एक राउंड सहा सेकंदांचा मानतात. तुमची दोन तासांची लढाई गोष्टीत ३० सेकंदांची होती. कबड्डीतली एक चढाईही ३० सेकंदांचीच असते, आणि त्या ३० सेकंदांत मैदानाच्या कडेला बसलेले एकही पोर इकडे-तिकडे पाहत नाही. चढाईपटूला गड्याला शिवून मध्यरेषेपर्यंत परत यायचे असते. समोरच्यांना त्याला तेवढ्या वेळात रोखायचे असते. कोपऱ्यातला गडी अर्धे पाऊल पुढे सरकला की चढाईपटूचा विचार बदलतो, बोनस रेषेकडे पाय गेला की बचाव करणाऱ्यांची साखळी वळते, पाय पकडला तरी रेषेला बोट टेकले तर तो सुटतो. तिथे कोणाची ताकद किती उरली हे कोणी मोजत नाही. कोणाला कुठे पोचायचे आहे हे दोन्ही बाजूंना ठाऊक असते, आणि प्रत्येक हालचालीने ते पोचणे जवळ किंवा लांब जाते. तुमच्या ओगरच्या लढाईत कोणालाही कुठेही पोचायचे नव्हते.

म्हणून मॉन्स्टर कठीण करावा की सोपा, हा प्रश्न थोडा बाजूला ठेवून तुम्ही त्याच्याविषयी वेगळा प्रश्न विचारावा असे मला वाटते. ओगरला काय हवे आहे? ‘पात्रांना मारायचे आहे’ हे उत्तर मी चालवून घेणार नाही, कारण तसे फार थोड्या जिवांना हवे असते. तुमच्या गावात तुरीच्या दिवसांत जागलीला जाणारी माणसे असतील, त्यांना विचारा. रानडुकरांचा कळप शेतात शिरतो तो खायला. टॉर्चचा झोत पडला, डबा वाजला, की तो पराटीतून वाट काढत धुऱ्याकडे पळतो. पण पिले मागे राहिलेली मादी असेल किंवा कुंपणाशी कोंडलेला डुक्कर असेल, तर तो माणसाच्या अंगावर येतो आणि मग जीव वाचवणे अवघड होते. जनावर एकच, शेत एकच, काठ्याही त्याच; काय हवे आहे ते बदलले की सगळा प्रसंग बदलतो. जागलीवरच्या माणसाला हे इतके नीट ठाऊक असते की डुक्कर कोणत्या बाजूने आले आहे हे पाहिल्याशिवाय तो मचाणावरून उतरत नाही. तुमच्या खेळाडूंनाही ओगरकडे असे पाहता आले पाहिजे.

या खेळाच्या जन्माशी हीच गोष्ट जोडलेली आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते युद्धखेळ खेळणाऱ्यांतून आलेले होते. त्याआधी १९६९ मध्ये अमेरिकेत डेव्हिड वेस्ली यांनी ‘ब्राउनस्टाइन’ नावाचा एक डाव मांडला होता, ज्यात आर्नेसनही खेळत असत. नेपोलियनच्या काळातले एक कल्पित प्रशियन गाव, त्याच्याकडे सरकणारे सैन्य, आणि खेळणाऱ्यांत कोणी त्या गावचा महापौर, कोणी सावकार, कोणी विद्यापीठाचा प्रमुख. प्रत्येकाला हवे ते वेगळे. सैन्याच्या तुकड्या हलवण्याऐवजी एकेका माणसाची इच्छा खेळणे तिथून सुरू झाले. तुमच्या टेबलावर गोष्टीच्या भागात हे सगळे आहे, म्हणून तो भाग रंगतो. फासे हातात आले की इच्छा बाहेर जातात आणि फक्त आकडे उरतात.

दुसरी उणीव मला जागेची दिसते. ओगर कुठे उभा होता, हे तुम्ही चार पानांच्या पत्रात कुठेही लिहिलेले नाही. चिखलदऱ्याला गेला असाल तर गाविलगड पाहिला असेल. १५ डिसेंबर १८०३ रोजी तिथे नागपूरकर भोसल्यांच्या शिबंदीची आणि इंग्रजांची लढाई झाली. किल्लेदार बेणीसिंग आणि आपल्याकडची पुष्कळ माणसे त्या दिवशी गेली, म्हणून हे उदाहरण मी आदराने देते. तोफांनी उत्तरेच्या बाहेरच्या तटाला खिंडार पडले, इंग्रजांचे सैन्य आत शिरले, आणि पुढे पाहते तो आतला किल्ला एका खोल दरीच्या पलीकडे शाबूत उभा. दरवाजाकडची वाट अरुंद, तिथे माणसे दाटीने अडकली. शेवटी कॅप्टन कॅम्पबेलची एक तुकडी दरीत उतरून पलीकडचा चढ चढली, शिड्या लावून तट ओलांडला आणि दरवाजा आतून उघडला. त्या दिवशीचा निकाल दरी, शिडी आणि दरवाजा या तीन गोष्टींनी लावला. तलवारीचे हात दोन्ही बाजूंना होतेच. तुमच्या लढाईच्या जागेत अशा दोन-तीन गोष्टी ठेवा ज्यांना हात लावला की काहीतरी घडते, आणि मग पाहा, तुमचा अबोल मित्रही विचारू लागेल की ती शिडी माझ्यापासून किती फूट आहे.

नुसते तत्त्व सांगून मी थांबणार नाही. पुढच्या शनिवारी घ्या असा एक प्रसंग तुमच्यासाठी मांडून देते. ओगर तोच, हिट पॉइंट ५९ चेच, सोबत सहा गॉब्लिन, म्हणजे छोटे लबाड राक्षस.

रात्रीची वेळ. कापसाने भरलेल्या तीन बंड्या, म्हणजे बैलगाड्या, सरकी काढण्याच्या जिनाकडे निघालेल्या, नाल्याच्या उतारावर एकामागे एक थांबलेल्या. तुमची पात्रे त्यांच्या सोबतीला आहेत. मधल्या बंडीत, कापसाच्या खाली, एक टिनाची पेटी आहे. पहिल्या बंडीत धुरकऱ्याचा लहान मुलगा कापसावर झोपला आहे. गॉब्लिनांना पेटी हवी आहे. ओगरला पेटीशी घेणे-देणे नाही, त्याला बैल खायचा आहे. ‘बैल तुझे, पेटी आमची’ असे सांगून गॉब्लिनांनी त्याला आणले आहे. म्हणजे समोरच्या बाजूतच दोन इच्छा आहेत, आणि जो खेळाडू लढता लढता ऐकेल त्याला ही फट सापडेल.

पहिल्या राउंडमध्ये दोन गॉब्लिन नाल्याच्या काठाआडून बाण मारतात. काठाची अर्धी आड असल्याने त्यांचा १५ चा आर्मर क्लास १७ होतो, म्हणजे दुरून त्यांना टिपणे जड जाते, पण काठावर कोणी चढून गेले तर ती आड राहत नाही. नाल्यातली वाळू ओली आहे, तिथे एक फूट चालायला दोन फुटांची चाल खर्च होते. दोन गॉब्लिन पहिल्या बंडीचे जोते कापतात. दुसऱ्या राउंडमध्ये बैल बुजून निघतात आणि मोकळी बंडी, झोपलेल्या मुलासकट, उताराने नाल्याकडे सरकू लागते. तिसऱ्या राउंडमध्ये मशाल धरलेल्या गॉब्लिनच्या हातून ती कापसावर पडते, आणि तिथून पुढे प्रत्येक राउंडला आग नकाशावरची एक चौकट पुढे जाते. चौथ्या राउंडच्या शेवटी, कोणी अडवले नाही तर, सहावा गॉब्लिन पेटी घेऊन अंधारात नाहीसा होतो आणि लढाई संपते. तुमच्या वहीत एवढेच लिहिलेले असू द्या की कोणी काही केले नाही तर कोणत्या राउंडला काय होईल. खेळाडू मध्ये पडतील तसतसे ते खोडत जा.

या प्रसंगात तुमच्या बहिणीचा टर्न पाहा. ती क्लेरिक, म्हणजे देवाच्या कृपेने मंत्र म्हणणारे पात्र, खेळवते असे मी धरते. मशाल कापसावर पडली, आणि तिच्याकडे पहिल्या पातळीचा पाणी निर्माण करण्याचा मंत्र आहे. त्याने ३० फूट लांब, रुंद आणि उंच जागेत पाऊस पडतो आणि उघडी आग विझते. किंवा पेटी घेऊन पळणाऱ्या गॉब्लिनवर ती ‘कमांड’ टाकते आणि एकच शब्द उच्चारते, “टाक!” त्याचा सेव्ह, म्हणजे मंत्र टाळण्याचा फासा, फसला तर त्याच्या टर्नला पेटी खाली पडते. किंवा तुमचा मित्र ओगरच्या फटक्याने कोसळला आहे. ‘हीलिंग वर्ड’ हा बरे करण्याचा मंत्र बोनस अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे टर्नमधल्या जादा छोट्या कृतीत, ६० फुटांवरून होतो, म्हणून तिचे मुख्य अ‍ॅक्शन मोकळे राहते. त्या टर्नला दुसरा मोठा मंत्र म्हणता येत नाही हे खरे, पण बुजलेल्या बैलाचा कासरा धरता येतो. आग, पेटी, मित्र, बैल, आणि टर्न एकच. हे सगळे मंत्र कदाचित ओगरच्या वेळीही तिच्या यादीत असतील. तेव्हा विझवायला आग नव्हती आणि खाली टाकायला पेटी नव्हती.

गॉब्लिनचे हिट पॉइंट सातच असतात. ते वाढवू नका. एका वारात गॉब्लिन पडला की खेळाडूला आपण काहीतरी केले असे वाटते, आणि सहा गॉब्लिन असल्यामुळे समोरच्या बाजूलाही पुरेसे टर्न राहतात. एकटा ओगर पाच जणांसमोर नेहमीच उणा पडतो, कारण तुमचे पाच जण पाच गोष्टी करतात तेव्हा तो एक करतो. हा फरक हिट पॉइंटांनी भरून निघत नाही.

आणि त्यांना पळू द्या. याच खेळाच्या १९८१ च्या बेसिक नियमांत मॉन्स्टरांना धैर्याचा एक आकडा असे. त्यांच्यातला पहिला मेला की, आणि अर्धे कामातून गेले की, सहा बाजूंचे दोन फासे टाकायचे; बेरीज त्या आकड्यापेक्षा जास्त आली तर ते माघार घेत किंवा शरण येत. तुमच्या गॉब्लिनांचे धैर्य ७ धरले, तर ३६ पैकी १५ शक्यता पळण्याच्या आहेत. नंतरच्या नियमांत हे मागे पडले, पण तुम्ही ते निःसंकोच परत आणा. लढाईचा शेवटचा अर्धा तास, ज्यात निकाल सर्वांना कळलेला असतो आणि तरीही उरलेले हिट पॉइंट वेचत बसावे लागते, तो याने वाचतो. पळालेला गॉब्लिन पुढच्या शनिवारी कामाला येतो, हा आणखी एक फायदा. ओगरच्या बाबतीत तर फासेही नकोत. त्याच्या खांद्यावर बैल आला की तो चालू लागतो, आणि तो बैल सोडवायचा की पेटी राखायची हे तुमच्या खेळाडूंना ठरवू द्या.

आता फासे बदलून सांगण्याबद्दल. ज्या मनाने तुम्ही हे करता ते मी समजू शकते. दीड वर्ष जपलेले पात्र एका आकड्याने जाऊ नये असे कोणालाही वाटेल. तरीही हे थांबवा असे मी म्हणेन, आणि त्याचे कारण प्रामाणिकपणापेक्षा थोडे वेगळे आहे. तुमच्या लढाईत हरण्याचा अर्थ फक्त मरण असा होता, म्हणून हरणे तुम्हाला परवडत नव्हते, म्हणून तुम्ही आकडे सांभाळत होता, आणि खेळाडूंना ते कुठेतरी कळत होते. बंड्यांच्या प्रसंगात पेटी जाऊ शकते, एक बंडी जळू शकते, बैल जाऊ शकतो, आणि पात्रे जिवंत राहून दुसऱ्या दिवशी सकाळी त्या धुरकऱ्याला तोंड दाखवायला उभी असू शकतात. असे हरणे तुम्हाला परवडते, इतकेच नव्हे तर त्यातून पुढची दोन सत्रे निघतात. शिवाय शून्यावर गेलेले पात्र या नियमांत सहसा लगेच मरत नाही. तीन डेथ सेव्ह, म्हणजे जगण्यासाठी टाकायचे फासे, फसावे लागतात, आणि तेवढ्या अवधीत तुमची बहीण आहे. पुठ्ठा काढून टाका आणि फासे सर्वांसमोर टाका. पहिल्या दिवशी तुमचा हात कापेल, पण खोलीतली शांतता वेगळी असेल.

चुलतभावाबद्दल तुम्ही संकोचाने लिहिले आहे, कारण नात्याने तो मोठा आहे. सर्वांसमोर त्याला टोकू नका. शनिवारच्या आधी एकटा गाठून सांगा, “दादा, नियम तुले पाठ आहेत, मले तेवढी मदत कर ना. मी विचारलं की सांगजो.” नियम शोधण्याचे काम आणि कोणाचा टर्न आहे ते पुकारण्याचे काम त्याच्याकडे द्या. या दोन्हींत त्याचा मान राहतो आणि तुमचा भारही हलका होतो. सोबत सर्वांसाठी एक ठराव करा की लढाई चालू असताना पात्राने सहा सेकंदांत जेवढे ओरडून सांगता येईल तेवढेच दुसऱ्याला सांगायचे. “आग बघ!” चालेल. कोणता मंत्र, कोणत्या चौकटीवरून, ते चालणार नाही. मला मात्र असे वाटते की दादा सल्ले देतो याला त्याच्या स्वभावाइतकेच लढाईचे स्वरूपही कारण आहे. एकाच ओगरवर पाच जण तुटून पडतात तेव्हा योग्य उत्तर एकच असते आणि ते ज्याला आधी दिसते तो बोलतो. आग एकीकडे, पेटी दुसरीकडे आणि मूल तिसरीकडे असेल तर दादालाही स्वतःच्या टर्नचाच घोर लागेल.

वेळ वाचवण्याच्या युक्त्या थोड्या आहेत आणि सोप्या आहेत. हल्ल्याचा फासा आणि नुकसानीचा फासा एकदम टाकायला सांगा. मॉन्स्टरांचे नुकसान टाकू नका, नियमांत छापलेली सरासरी घ्या. सहा गॉब्लिनांसाठी एकच इनिशिएटिव्ह, म्हणजे टर्नचा क्रम ठरवणारा फासा, टाका. ज्याचा टर्न आहे त्याच्यासोबत पुढच्याचेही नाव घ्या, म्हणजे तो मंत्र शोधून ठेवतो. टर्न चार मिनिटांवरून दीडवर आला तर सगळे मिळून बारा-तेरा मिनिटांत राउंड होतो, गॉब्लिन धरूनही.

हलक्या नियमांचा खेळ घ्यावा का? अशा खेळांत टर्न झटपट होतात आणि नवख्यांना ते सोपे जातात, म्हणून कधीतरी एका शनिवारी जरूर करून पाहा. परंतु दीड वर्ष चाललेली मोहीम त्यासाठी मोडू नका. इच्छा आणि जागा नसलेली लढाई हलक्या नियमांतही कंटाळवाणीच होते, फक्त लवकर संपते. लढाया काढून टाकण्याबाबत मात्र मी तुमच्या वतीने ठरवू शकत नाही. ते पाच जणांना विचारा, आणि एकेकट्याला विचारा, कारण दादासमोर बाकीचे तेच म्हणतील जे दादा म्हणेल. बंड्यांचा प्रसंग खेळून झाल्यावरही तिघांना लढाई नको असेल, तर ती काढायला काहीच हरकत नाही.

मिनिएचर आणि नकाशांची खंत सोडा. नागपुरात वसतिगृहात शिकत असताना आम्ही खेळायचो तेव्हा आमच्याकडे एक खडू आणि शहाबादी फरशी होती, आणि त्या फरशीवर एका जखमी माणसाला पुलापलीकडे नेण्यासाठी आम्ही जी धडपड केली ती मला वीस वर्षांनंतर पावलोपावली आठवते. शत्रू किती होते ते आठवत नाही. खताच्या रिकाम्या पोत्याची शिवण उसवून त्याच्या आतल्या पांढऱ्या बाजूवर मार्करने चौकटी आखा, एक चौकट पाच फुटांची. गॉब्लिनांना चिंचोके घ्या, ओगरला सागरगोटा. बंड्यांना काड्यापेट्या. आणि आगीसाठी तर तुम्ही कापसाच्या खोलीतच बसला आहात: चिमूटभर कापूस कुंकवात बुडवून जळत्या चौकटीवर ठेवायचा, आणि प्रत्येक राउंडला एक बोळा वाढवायचा. लाल बोळे बंडीकडे सरकताना दिसले की कोणी मोबाइलकडे पाहणार नाही असे मी खात्रीने सांगते. नियमांसाठीही खर्च नको. पाचव्या आवृत्तीचा मूळ नियमसंच, ५.१ चा, जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला आहे. ओगर, गॉब्लिन आणि वर सांगितलेले मंत्र त्यात आहेत आणि तो विनामूल्य उतरवून घेता येतो.

एक काम शनिवारच्या आधी करा. बहिणीसोबत दहा मिनिटे बसा आणि तिची मंत्रांची यादी मोठ्याने वाचा. तिने कधीच न वापरलेला, पण तिला आवडणारा एक मंत्र तिला निवडू द्या. कशासाठी विचारता आहात ते सांगू नका. मग वही उघडा आणि बंड्यांच्या प्रसंगात तिसऱ्या राउंडला, मशालीच्या जागी किंवा मशालीसोबत, अशी एक अडचण लिहा की जिच्यावर तो मंत्र चालेल.